ज्वारी भरलेले चेंडू

अमरावतीत राजापेठेतल्या सेवा केंद्रात हयातीचा दाखला काढायला हरिहर गेला, तेव्हा फोनमधल्या अ‍ॅपने त्याला तीन वेळा जिवंत मानायला नकार दिला. काऊंटरमागे दीपमाला नावाची मुलगी बसली होती. ती त्याची विद्यार्थिनी नव्हती, तरी त्याला सर म्हणत होती. छत्तीस वर्षे संस्कृत शिकवल्यावर माणसाच्या अंगावर काहीतरी राहून जात असावे. तिने फोन त्याच्या तोंडासमोर धरला. पडद्यावरच्या गोलात चेहरा नीट बसवायचा आणि डोळे मिचकवायचे, एवढेच काम होते. त्याने मिचकवले. गोल लाल झाला. थेट चेहरा आढळला नाही, असे खाली आले. कधीकधी लोक फोटोच समोर धरतात, म्हणून ते असे तपासते, असे दीपमालाने समजावून सांगितले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मागे पेन्शनवाल्या चार माणसांची रांग होती आणि त्यातले कोणीतरी घसा खाकरत होते. "सर, चेहरा जरा सैल सोडा ना," दीपमाला म्हणाली. ती हे इतक्या अदबीने म्हणाली की त्याला अपमान वाटायला जागाच उरली नाही. चौथ्यांदा गोल हिरवा झाला. या वेळी आपण वेगळे काय केले, ते त्याला कळले नाही.

बाहेर शिकवणी सुटली होती. पाठीवर दप्तरे घेतलेली पोरे स्कूटींवरून एकमेकांना हाका मारत गर्दीतून वाट काढत होती. हरिहर एका बंद दुकानाच्या पायरीशी उभा राहिला आणि उभ्या असलेल्या एका स्कूटीच्या आरशात त्याने स्वतःकडे पाहिले. वडिलांचा चेहरा. वडील पौरोहित्य करायचे, आजोबाही तेच करायचे, आणि विधी चालू असताना तोंडाची रेषसुद्धा हलू द्यायची नाही हे त्यांच्या घरात कोणी कोणाला शिकवले नव्हते, तरी सगळ्यांना येत होते. लग्नात, मुंजीत, तेराव्याला, एकच चेहरा. लोक म्हणत, गुरुजींकडे पाहिले की धीर येतो. हरिहरने पौरोहित्य केले नाही, शाळेत गेला, पण चेहरा तोच घेऊन गेला, आणि वर्ग त्याच्या येण्याने आपोआप गप्प व्हायचा याचे त्याला बरेही वाटायचे. आता आरशात पाहताना त्याला एकदम बायकोचे, चारुशीलेचे हसणे ऐकू आले. आठवले असे नाही, ऐकूच आले, स्कूटींच्या हॉर्नमधून. ते अकोल्याच्या दवाखान्यातले हसणे होते. तिला जाऊन नऊ महिने झाले होते आणि या नऊ महिन्यांत त्याने ते एकदाही जवळ येऊ दिले नव्हते.

चारुशीला मोठ्याने हसायची. लग्न होऊन आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. हसायला लागली की आधी आवाजच यायचा नाही, मग एकदम फुटायचा, आणि शेवटी नाकातून एक घुर्र असा आवाज यायचा, त्याचे तिला स्वतःलाच पुन्हा हसू यायचे. लग्नानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वडील एकदा जेवताना म्हणाले, सूनबाईंचे हसणे रस्त्यापर्यंत ऐकू येते. रागाने म्हणाले नव्हते. हरिहरने दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात जाऊन तिला सांगितले, जरा हळू हसत जा. किती हळुवारपणे सांगितले होते, त्याचा त्याला कित्येक वर्षे अभिमान होता. ती कणीक भिजवत होती. बरं, म्हणाली. त्यानंतर ती पदर तोंडाशी धरून हसायची, नुसते खांदे हलायचे. मग कधीतरी खांदेही हलेनासे झाले. ते कोणत्या वर्षी, हे त्याला सांगता आले नसते. वडील गेले, जुईली झाली, मोठी झाली, नोकरीला पुण्याला गेली, घरात दोघेच उरले, आता रस्त्यापर्यंत हसू गेले तरी कोणाचे काही अडत नव्हते. पण हळू हसायची मुदत संपली, असे तिला सांगायला हवे होते आणि ते त्याच्या लक्षातच आले नाही.

गेल्या जानेवारीत तिला अकोल्याला कॅन्सरच्या दवाखान्यात ठेवले होते, कारण तिची धाकटी बहीण तिथे जठारपेठेत राहत होती. बायकांचा सहा खाटांचा वॉर्ड. हरिहर सकाळपासून स्टुलावर बसून असायचा. एका दुपारी दारातून एक जाडजूड म्हातारा आला. नाकावर लाल गोळा, अंगात खाकी शर्ट आणि त्याला रंगीत ठिगळे. त्याने काही न बोलता खिशातून तीन चेंडू काढले आणि हवेत खेळवायला लागला. पाच-सहा वेळा ते नीट फिरले आणि मग एक निसटून शेजारच्या बाईच्या वरणाच्या वाटीत पडला. म्हाताऱ्याने वाटीत वाकून पाहिले, जणू तिथे खोल विहीर आहे. आणि चारुशीला हसली. आधी आवाज नाही, मग फुटला, मग नाकातून घुर्र. तेहतीस-चौतीस वर्षांनी. त्यापाठोपाठ खोकला आला, आणि खोकला थांबेना. हरिहर उभा राहून म्हणाला, "हे सोंग बाहेर करा. इथे माणसं आजारी आहेत." म्हाताऱ्याने वाटीतला चेंडू उचलला, हात जोडले आणि तो गेला. खोकला बसल्यावर चारुशीलेने भिंतीकडे तोंड केले. किती वाजले, एवढे विचारले. तेविसाव्या दिवशी ती गेली. खोकल्यामुळे आपण तसे बोललो, असे हरिहरने जुईलीला सांगितले होते, मेहुणीला सांगितले होते, आणि त्यांनी ते मानलेही होते. पण खोकला यायच्या आधीच तो स्टुलावरून अर्धा उठला होता. हे फक्त त्याच्या गुडघ्यांना माहीत होते.

पुढच्या रविवारी तो अकोल्याच्या बसमध्ये बसला. जुईलीला फोनवर सांगितले की मावशीकडे जातो आहे. त्या माणसाला शोधायचे, माफी मागायची आणि परत यायचे, इतकेच त्याच्या मनात होते. बडनेरा सुटल्यापासून मूर्तिजापूरपर्यंत त्याने वाक्यही तयार केले होते, तीन वेळा बदलले होते. दवाखान्यातल्या एका सिस्टरने सांगितले की ते जोकर लोक रविवारी जवळच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये सराव करतात, भावना मॅडम म्हणून फिजिओथेरपिस्ट आहेत त्या शिकवतात. तो तिथे गेला. चपला काढताना त्याच्या ध्यानात आले की एकसष्ट वर्षे वऱ्हाडात काढून आपण विहारात पहिल्यांदाच पाय ठेवतो आहोत. जाऊ नको असे त्याला कधी कोणी म्हटले नव्हते. काम पडले नव्हते, असे तो मनाशी म्हणाला, आणि ते उत्तर त्याचे त्यालाच पुरले नाही. आत बुद्धाच्या मूर्तीसमोर मोकळी फरशी होती आणि तिथे सहा-सात माणसे चेंडू उडवत होती, पाडत होती, वाकून उचलत होती. कोपऱ्यात सतरंजीवर तो जाडजूड म्हातारा मांडी घालून बसला होता. मोज्यात ज्वारी भरून तो तोंड शिवून टाकत होता. त्याचे चेंडू तसे होते. त्याने मान वर करून हरिहरकडे पाहिले आणि पुन्हा सुईत डोके घातले. तयार केलेले वाक्य हरिहरच्या जिभेवर आले. तेवढ्यात भावना पुढे आली, चाळिशीची, केस आखूड कापलेली, आणि शिकायला आलात का म्हणाली. नाही म्हणायला हवे होते. त्याने मान हलवली आणि ती कशी हलली कोण जाणे, भावनाने त्याच्या हातात एक चेंडू ठेवला. तो गरम होता, म्हाताऱ्याच्या हातून नुकताच निघालेला.

म्हाताऱ्याचे नाव जानराव. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता, निवृत्त होऊन आठ वर्षे झाली होती, बार्शीटाकळीला राहायचा. नव्या माणसाला हात बसवून देणे हे काम त्याच्याकडे होते. पहिले दोन रविवार एकच चेंडू. उजव्या हातातून डाव्या हातात, डोळ्यांच्या उंचीवरून, कमान करून. हरिहरला वाटले होते की हे कोणालाही येईल. चेंडू वर जायचा आणि त्याचा डावा हात त्याला आणायला पुढे धावायचा. जानराव समोर उभा राहून पाहत होता, इंजिनाचा आवाज ऐकावा तसा मान तिरकी करून. "सर, तुमी चेंडू देऊन राहिले," तो म्हणाला. "द्याचा नाई. टाकाचा. थो येते हातात आपला आपन." दोन चेंडूंवर आल्यावर तेच पुन्हा; पहिला वर गेला की दुसरा टाकायचा, पण हरिहरचा हात ऐन वेळी घाबरून दुसरा चेंडू सरळ शेजारच्या हातात सरकवून द्यायचा, वर्गात उत्तरपत्रिका पुढच्या बाकावर द्याव्यात तसा. खांदे दुखायचे. वाकून वाकून कंबर धरायची. चेंडू पडला की त्याच्या कानांच्या पाळ्या तापायच्या, मुलांसमोर शब्दाचे रूप सांगताना चुकल्यासारख्या. आणि इथे दर मिनिटाला चुकायचे होते. ज्वारीमुळे चेंडू लोळत नसे. पायापाशी थप्प करून पडायचा आणि तिथेच बसून राहायचा. जानराव म्हणाला, घरी सराव करताना पलंगापुढं उभे राहा, म्हणजे वाकावं लागत नाही.

म्हणून अमरावतीच्या घरी तो रोज संध्या आटोपली की पलंगापुढे उभा राहू लागला. मोठा पलंग, लग्नातला. खिडकीकडची बाजू चारुशीलेची. तिच्या बाजूची चादर नऊ महिने ताठ होती, कारण तो रात्रीसुद्धा आपल्या बाजूची हद्द ओलांडत नसे. आता चेंडू तिच्या बाजूला पडत होते. पहिल्या दिवशी पडले तेव्हा त्याला फार चमत्कारिक वाटले, झोपलेल्या माणसावर काही टाकावे तसे, आणि तो उभ्या उभ्या थांबला. मग वाकून उचलले आणि पुन्हा टाकले. चादरीला खळगे पडत. ते नीट करावेत असे वाटायचे, मग वाटायचे की राहू दे. जुईलीने एकदा फोनवर विचारले, बाबा, कसला आवाज येतोय. त्याने उशी झटकतो आहे असे सांगितले. एकसष्टाव्या वर्षी मुलीशी खोटे बोलताना त्याला एक विचित्र मोकळेपणा वाटला आणि लगेच त्या मोकळेपणाची लाजही वाटली. डिसेंबर असा गेला. जानेवारीत दोन चेंडू यायला लागले. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबायची तेव्हा खिडकीशी बसून तो रिकाम्या हातांनी सराव करायचा, आणि पलीकडच्या सीटवरची बाई आपल्या मुलाला जवळ ओढून घ्यायची. तीन चेंडूंचे पहिले पूर्ण चक्र फेब्रुवारीत झाले, एका मंगळवारी. ते तो नेमके चारुशीलेच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात करून बसला होता, आणि सांगायला घरात कोणी नव्हते.

फेब्रुवारीच्या शेवटी भावनाने त्याला लाल नाक दिले. चेहरा रंगवायचा नाही, म्हणाली, तुमचा आहे तोच पुरेल. आणि कोट घाला, शाळेतला असेल तो. मग तिने सगळ्यांना बसवून वॉर्डात कसे जायचे ते सांगितले. दारात थांबायचे. पेशंटला विचारायचे. पेशंट नको म्हणाला तर आभार मानून निघायचे, कारण सुई त्याला नाकारता येत नाही, गोळी नाकारता येत नाही, आपल्याला नाकारता येते, तेवढे तरी त्याच्याकडे राहू द्यायचे. आणि आपले दुःख बाहेर ठेवून आत जायचे. आजारी माणसाच्या अंगावर आणखी आपले ओझे नको. हरिहरने वर्गातल्या मुलासारखा हात वर केला. पेशंटला हवे असेल आणि नातेवाईक नको म्हणाला तर? पेशंटकडे बघायचं, भावना म्हणाली. जानराव खाली बघून मोज्याचा दोरा तोडत होता.

सराव सुटल्यावर हरिहर त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेला. टपरीवर चहा घेतला. तीन महिन्यांपूर्वी तयार केलेल्या वाक्यातला एकही शब्द आता सापडेना. गेल्या वर्षी जानेवारीत, एवढे तो बोलला आणि थांबला.

"मले मालूम आहे सर," जानराव म्हणाला. "पयल्याच दिवशी वळखलं. तुमी सोंग म्हनले होते."

हरिहरने विचारले की मग इतके दिवस बोलला का नाहीत. जानरावने चहा संपवला, पेला ठेवला. तुम्ही बोलायलाच आला होता हे दिसत होते, तो म्हणाला, पण हातात चेंडू घेतला. म्हटले आपले आपण बोलतील. हरिहर म्हणाला, माझं चुकलं. जानरावने मान हलवली, हो किंवा नाही असे त्यातून काही कळत नव्हते. मग सांगावे की न सांगावे असे होऊन शेवटी तो म्हणाला, "बाईनं दुसऱ्याच दिवशी सिस्टरच्या हातानं बलावलं होतं मले. बारा ते दोन, तुमी घरी जात होते तवा. सतरा दिवस आलो मी. शिकत होत्या जी. दोन चेंडू बराबर येत होते त्याइले, सलाईनचा हात सांभाळून. तिसरा नाई आला."

एक बस आली, गेली. हरिहरने विचारले, "मला का नाही सांगितलं?"

"तुमाले सांगू नका म्हनल्या होत्या. काहून, ते म्या नाई इचारलं."

"हसायची?"

"लय."

"म्हणजे आवाज येत होता का?"

जानरावने त्याच्याकडे नीट पाहिले. "साऱ्या वार्डाले येत होता जी," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये हरिहरला दुःख झाले नाही. त्याला राग आला, इतका की बोरगावच्या पुढे त्याने खिडकी उघडली आणि गार वाऱ्यात तोंड धरले. बारा ते दोन. तो मेहुणीकडे जायचा, अंघोळ, जप, दोन घास, आणि तिची धुतलेली साडी पिशवीत घेऊन जवळजवळ पळत परत यायचा, कारण ती एकटी वाट पाहत असेल. आला की ती डोळे मिटून पडलेली असायची, थकलेली, शांत. त्याला वाटायचे की दोन तास वाट पाहून थकली. तो तिच्या कपाळावर हात ठेवायचा. एकदा चादरीत ज्वारीचे चार दाणे सापडले होते; त्याने ते तळहातावर घेऊन सिस्टरला दाखवले होते, स्वच्छतेबद्दल बोलला होता, आणि सिस्टर खाली मान घालून सॉरी सर म्हणाली होती. चारुशीला तेव्हा जागी होती. सगळ्या वॉर्डाला माहीत होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला, सिस्टरला, झाडूवालीला. सतरा दिवस सहा खाटांचा तो वॉर्ड त्याच्या पावलांची चाहूल घेत होता आणि तो आला की गप्प होत होता. जसा वर्ग व्हायचा.

त्याने चेंडू कपाटात टाकले आणि अकोल्याला जाणे बंद केले. तीन रविवार गेले. भावनाचा फोन आला तेव्हा कंबर दुखते म्हणून सांगितले. दिवसभर तो घरात मेलेल्या बायकोशी भांडत होता, आणि ती नेहमीप्रमाणे बरं म्हणून कणीक भिजवत होती. एका दुपारी जेवण झाल्यावर तो पलंगापाशी आला, आणि का ते ठरवायच्या आत तिच्या बाजूला आडवा झाला. उशी अजून तिच्या डोक्याच्या खळग्याची होती की त्याला तसे वाटले. मग उठून कपाटातून दोन चेंडू आणले आणि पुन्हा पडला. पडल्या पडल्या टाकून पाहू लागला, तिने टाकले असतील तसे, पाठीला उशी लावून. उभ्याने येणारे काहीच यात येत नव्हते. चेंडू छातीवर पडायचा, एकदा नाकाच्या हाडावर बसला. डावा हात जपून ठेवला, सुई असल्यासारखा, तर चेंडू उजवीकडेच राहायचे. किती दिवस लागले असतील तिला. आणि मग त्याच्या लक्षात आले की अशा पडलेल्या माणसाला चेंडूच्या पलीकडे, थेट समोर, दार दिसते. चेंडू वर गेला की दार दिसते, खाली आला की दार दिसते. दवाखान्यातही तिची खाट दाराच्या रेषेत होती. म्हणजे सतरा दिवस, दर चेंडूला, ती दाराकडे पाहत होती. तो येतो आहे का म्हणून. हरिहर चेंडू छातीवर ठेवून तसाच पडून राहिला. राग गेला होता असे नाही, पण तो आता कोणावर आहे हे सांगता येत नव्हते. पलीकडच्या गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. पंख्याच्या पात्यांवर धूळ बसली होती. उभ्याने ती कधी दिसली नव्हती.

मग त्याने रविवारची बस पुन्हा धरली आणि एप्रिलमध्ये तो जोकर होऊन पहिल्यांदा वॉर्डात गेला. शाळेतला काळा कोट, लाल नाक, कोटाच्या खिशात तीन चेंडू. जानराव मुलांच्या वॉर्डाकडे वळला आणि बायकांच्या वॉर्डाच्या दारात हरिहर एकटा उभा राहिला. तोच वॉर्ड. आपले पाय मागे जातील अशी त्याला भीती होती, पण ते जागेवरच राहिले. कूलरचा आवाज, फिनेलचा वास, खाटा तशाच. त्यातल्या पाच खाटांवरच्या बायका झोपल्या होत्या किंवा डोळे मिटून होत्या. दाराच्या रेषेतल्या खाटेवर पंचावन्न-साठची एक बाई उठून बसली होती, डोक्याला रुमाल, हाताला सुई. शेजारच्या स्टुलावर तिचा नवरा होता, उंच, धोतर-टोपीतला. लाल नाकाचा माणूस पाहून तो उठला, टोपी सारखी केली, चहा पिऊन येतो असे पुटपुटला आणि हरिहरकडे न पाहता शेजारून निघून गेला. हरिहरने बाईला विचारले, येऊ का. तिने होकाराची मान हलवली. नाव माणिकबाई, मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातली. हे नाव त्याने खाटेच्या पाटीवर वाचले.

त्याने चेंडू काढले आणि टाकायला सुरुवात केली. पाचवा झेल हुकला आणि चेंडू तिच्या पायांजवळ थप्प करून पडला. ती हसली नाही. बी-बियाणे पारखावे तसे तिने त्याच्याकडे पाहिले, आधी हातांकडे, मग तोंडाकडे.

"तुमचं कोन होतं इथं?" तिने विचारले.

भावनाने सांगितलेले सगळे त्याला आठवले. कोणी नाही म्हणायचे आणि चेंडू उचलायचा. "बायको," तो म्हणाला.

"बरी झाली?"

हे विचारताना ती नवऱ्याने स्टुलावर ठेवलेल्या पिशवीकडे पाहत होती. हरिहरला वाटले की आता खोटे बोललो तर कोणीही आपल्याला दोष देणार नाही. आयुष्यभर ज्या चेहऱ्याने लोकांना धीर दिला तो चेहराही ते खोटे नीट निभावून नेईल. पण नाकावर तो गोळा होता, त्याच्यामागून ते निघेना. "नाही," तो म्हणाला.

माणिकबाईने पायाजवळचा चेंडू उचलला, हातात दाबून पाहिला. ज्वारी करकरली. आपण इथे येऊन एका आजारी बाईला काय देऊन बसलो, असे हरिहरला वाटले. मग ती म्हणाली, "हासत होती का?"

"हसायची," हरिहर म्हणाला. "मी नसलो की."

तिने दाराकडे पाहिले. जिन्यात कोणाची चाहूल नव्हती. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि ती हसली, दात पडलेल्या तोंडाने, खालच्या आवाजात. "आमचे बी तसेच हायेत," ती म्हणाली. "लय चांगले हायेत. पन समोर असले का हासू येत नाई."

भीती वाटते का, असे त्याने विचारले.

"भेव नाई, बाप्पा. मी हासली का त्याइले वाटते, मी बरी होऊन राहिली. तोंड कसं उजळते त्याइचं. थे पाह्यवत नाई मले." तिने चेंडू त्याच्या हातात दिला आणि उशीला टेकून नीट बसली. "करा आता. थे येयाच्या आधी. पाडले तरी चालते."

हरिहरने तीन चेंडू हातात घेतले. चारुशीलेच्या मनात हेच होते का, हे आता कोणालाच विचारता येणार नव्हते. काहीतरी असेच होते असे मानायला हरकत नव्हती. माणिकबाई वाट पाहत होती. त्याने पहिला चेंडू टाकला, मग दुसरा, मग तिसरा. चार झाले, सहा झाले, सातव्याला चेंडू कोटाच्या बाहीत शिरला आणि तो बाही झटकायला लागला, फार गंभीरपणे, आणि माणिकबाई खळखळून हसली, इतकी की पलीकडच्या खाटेवरच्या बाईने डोळे उघडले. तिने सांगितलेले सगळे त्याला पटले होते. तरीही बाहीतला चेंडू शोधता शोधता त्याचे कान जिन्याकडे लागले होते, आणि खाली चहाला गेलेला तो उंच माणूस आत्ताच, चहा अर्धा टाकून, वर यावा असे त्याला फार वाटत होते.